लेकीचं नवं गाव

परगावी गेल्यावर पहिला दिवस कसा घालवावा, याबद्दल प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, एवढे पैसे खर्चून आलोय, तर यादी काढा आणि सकाळी सातला बाहेर पडा. दुसरा म्हणतो, जरा टेका, चहा घ्या, पाय मोकळे करा. गाव काही कुठं पळून जात नाही. आमच्या घरी पहिल्या पक्षात आमचे हे आणि धाकटा, दुसऱ्यात सासूबाई. मी कायम मधे, कारण दोन्ही पक्षांचा डबा मलाच भरायचा असतो!

या खेपेला मात्र माझा स्वतःचा तिसराच पक्ष होता. आम्ही सिंगापूरला गेलो ते निव्वळ हिंडायला नव्हे. आमची थोरली सी.ए. झाली आणि तिला तिथल्या एका कचेरीत नोकरी लागली. सोमवारी ती रुजू व्हायची होती. चार दिवस आधी सगळ्यांनीच जायचं, तिला सोडायचं आणि त्यातच सिंगापूरही बघून घ्यायचं, असं ठरलं. लोकांना सांगताना आम्ही 'ट्रिप' म्हणत होतो. पण लेक द्यायच्या आधी आई जशी त्या घरची मोरी, पाणी आणि शेजार डोळ्यांखालून घालून येते, तशी मी निघाले होते. ह्यांच्या यादीत बारा ठिकाणं होती. माझ्या यादीत एकच प्रश्न होता : माझी पोर इथं एकटी राहील का?

सासूबाईंनी तर महिनाभर एकच धोशा लावला होता. "आधी लग्न, मग देशाटन. एकटी पोर समुद्रापल्याड धाडायची म्हणजे काय?" पण पासपोर्टसाठी फोटो काढायला सर्वांत आधी त्याच तयार होऊन बसल्या! नातीचं पाऊल कुठं पडणार ते पाहिल्याशिवाय त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नसता. मी उघड काही बोलत नव्हते. मी त्यांच्या बाजूची की लेकीच्या, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

सिंगापूर म्हणजे एकच शहर, आणि तेच राष्ट्र. सुमारे ७३० चौरस किलोमीटरांचं बेट आणि साठ लाखांच्या घरात वस्ती. १९६५ साली ते मलेशियापासून वेगळं होऊन स्वतंत्र झालं. इंग्रजी, मलाय, चिनी आणि तमिळ या चार भाषा तिथं सरकारमान्य आहेत. विषुववृत्त तिथून जेमतेम एका अंशावर, त्यामुळं बारा महिने तोच उकाडा आणि तोच पाऊस. दिवसही वर्षभर साधारण बारा तासांचा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. विमानातून उतरताच आम्ही सगळ्यांनी आपापली घड्याळं लावून घेतली. सासूबाईंनी मात्र मनगटावरच्या घड्याळाला हात लावू दिला नाही. "घरी काय चाललंय ते मला कळायला नको?" पहिल्या सकाळी त्या रोजच्यासारख्या पाचाला उठल्या. तिथं तेव्हा साडेसात झाले होते. त्यामुळं पहिल्या पक्षालाही तक्रारीला जागा उरली नाही!

आम्ही उतरलो होतो 'लिटल इंडिया' या भागात. "हिंदुस्थानातून निघून पुन्हा हिंदुस्थानातच?" म्हणून ह्यांनी नाक मुरडलं. पण घरात शाकाहारी, सोवळ्यातलं माणूस असलं की पहिल्या दिवसाचं जेवण पायी जाण्याच्या अंतरावर असावं, हा माझा हट्ट. सेरांगून रोडवर पाऊल ठेवलं आणि मोगऱ्याचा वास आला. फुटपाथला लागून हारांची दुकानं, धूप, केळीची पानं, पितळेच्या समया. जरा पुढं श्री वीरमाकालीअम्मन मंदिर, म्हणजे कालीमातेचं. गोपुरावर देवदेवतांची रंगीत गर्दी. आत शिरण्यापूर्वी पाय धुवायचे. सासूबाईंनी पदर खांद्यावरून घेतला, देवीसमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "देवी ओळखीची आहे."

तिथून आम्ही बफेलो रोडनं निघालो. शेजारच्या रस्त्याचं नाव केरबाउ रोड, आणि मलाय भाषेत केरबाउ म्हणजेही म्हैसच! एके काळी या भागात गुराढोरांचा मोठा व्यापार चाले. हिंदी लोकांची वस्ती इथं वाढली त्याचं तेही एक कारण. आता म्हैस औषधालाही दिसत नाही, पण कोपऱ्यावर 'टेक्का सेंटर' ही मंडई आहे. ह्यांच्या यादीत ती नव्हती. माझ्या यादीत तीच पहिली होती.

मैत्रिणींनो, गाव कळायला हवं तर मंडईत जावं. शेवग्याच्या शेंगा, पडवळ, कारली, कढीलिंब, केळफूल, ओला नारळ. सगळं नीट मांडलेलं. एका बाजूला मासळीबाजार, पण फरशी धुतलेली. या देशाला शेतीला जागाच नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येतं. त्यामुळं भाव ऐकले की मनातल्या मनात रुपयांत गुणाकार होतो आणि छातीत धस्स होतं! मी घेतलं काहीच नाही, पण शेवग्याचा, दुधाचा, तांदळाचा भाव विचारून लेकीच्या वहीत उतरवायला लावला. ती हसून म्हणाली, "आई, मला पगार डॉलरमधे मिळणार आहे, गुणाकार कशाला करतेस?" खरं आहे. पण आईचं गणित पगारावरून सुरू होत नाही, भाजीवरून होतं.

मंडईला लागूनच उंच इमारती आहेत. वर नजर गेली तर खिडक्याखिडक्यांतून आडव्या काठ्या बाहेर काढलेल्या, आणि काठ्यांवर कपडे वाळताहेत : सदरे, टॉवेल, शाळेचे गणवेश. मला एकदम हायसं वाटलं. चित्रांत जे काचेचे मनोरे पाहिले होते तिथं माणसं धुणं कुठं वाळत घालतात, असा प्रश्न मला पडलाच होता! या सरकारी वसाहती. १९६० साली तिथं घरबांधणी मंडळ स्थापन झालं; दाटीवाटीच्या चाळी आणि झोपडवस्त्या उठवून मंडळानं सबंध बेटावर असे मजले उभे केले. आज तिथल्या रहिवाशांपैकी दहातली जवळजवळ आठ माणसं अशाच घरांत राहतात, आणि बहुतेकांची घरं मालकीची, म्हणजे ९९ वर्षांच्या करारावर घेतलेली आहेत. पुष्कळ इमारतींचा तळमजला मोकळाच ठेवतात. तिथं म्हातारी माणसं गप्पा मारतात, पोरं खेळतात, कधी लग्नाचा मांडव पडतो, तर कधी मयताला आलेली माणसं बसतात. १९८९ पासून असा नियम आहे, की एका वसाहतीत एकाच जातीजमातीची गर्दी होऊ द्यायची नाही. चिनी, मलाय, हिंदी सगळे मिसळूनच राहिले पाहिजेत.

आमच्या थोरलीनं अशाच एका इमारतीत भाड्याची खोली ठरवली होती. ती दुसऱ्या दिवशी पाहायची होती. पण त्या काठ्यांवरचे कपडे पाहून मी मनात म्हटलं, चला, इथं संसार चालतात. जिथं संसार चालतात तिथं हाक मारली तर कुणीतरी दार उघडतं.

न्याहारी केली 'कोमल विलास'मधे. १९४७ पासून चालू असलेलं हे शाकाहारी उपाहारगृह. डोसा आणि वाफाळती कॉफी समोर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "हे रोज मिळतं का गं?" "रोज मिळतं, आजी." "मग निम्मी काळजी मिटली." उरलेली निम्मी कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चायनाटाउनला जायला भुयारी गाडी. सिंगापुरात ही रेल्वे १९८७ साली सुरू झाली. आम्ही बसलो तो जांभळ्या रंगाचा मार्ग २००३ मधला, आणि त्यावरच्या गाडीला चालकच नसतो! सासूबाईंनी पुढच्या काचेतून डोकावून खात्री करून घेतली. "हाकतंय कोण?" "यंत्र, आजी." त्यांनी लगेच दांडा घट्ट धरला. गाडीत खाणंपिणं अगदी मना. पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही, दंड होतो. आमच्या धाकट्याचं तोंड सदा चालू, त्यामुळं त्याला हा देश जरा कठीणच गेला.

पुढचं स्टेशन आलं आणि पाटी वाचून आम्ही सगळेच हसलो : 'धोबी घाट'. अहो, खरोखरच धोबीघाट. जुन्या काळी हिंदी परीट इथल्या ओढ्यावर कपडे धूत आणि मोकळ्या माळावर वाळत घालत. ओढा बुजला, माळावर इमारती आल्या, परीट गेले; पण त्यांचं नाव राहिलं. आज तिथं तीन रेल्वेमार्ग एकत्र येतात आणि चिनी, मलाय, गोरे सगळे तो शब्द आपापल्या परीनं उच्चारतात. परक्या मुलखात येऊन दुसऱ्यांची धुणी धुणाऱ्या माणसांचं नाव एवढ्या मोठ्या स्टेशनला राहावं, याचं मला फार बरं वाटलं.

चायनाटाउन स्टेशनातून वर आलं की पॅगोडा स्ट्रीट लागते. दोन्ही बाजूंना पंखे, छत्र्या, चहाची भांडी यांची दुकानं. आणि गल्लीच्या टोकाला चिनी देऊळ नाही, तर चक्क द्राविडी गोपूर! हेच गोपूर पॅगोड्यासारखं दिसतं म्हणून गल्लीला ते नाव पडलं. हे श्री मारिअम्मन मंदिर, सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ. १८१९ साली रॅफल्ससाहेबाबरोबर पेनांगहून नारायण पिळ्ळै नावाचे गृहस्थ आले. त्यांनी वीटभट्टी घातली, बांधकामाची कंत्राटं घेतली आणि १८२७ मधे इथं देवीची स्थापना केली. तेव्हा देऊळ लाकडाचं आणि झावळ्यांचं होतं. देवी रोगराईपासून राखणारी, आपल्याकडच्या मरीआईसारखी. शेजारीच १८२६ मधे स्थापन झालेली दक्षिणेकडच्या मुसलमानांची जामे मशीद आहे, म्हणून पलीकडची गल्ली मॉस्क स्ट्रीट.

देवळं सगळीकडं असतात. पण या देवळाची एक गोष्ट मला विशेष वाटली. बोटीतून उतरलेल्या नवख्या माणसाला काम मिळेपर्यंत, डोक्यावर छप्पर मिळेपर्यंत इथं आसरा मिळे. ज्याचं गावात कुणी नाही, त्याला देवळाची ओसरी. मी हे थोरलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, माझी खोली ठरलेली आहे." मी म्हटलं, "असू दे. ठाऊक असलेलं बरं."

इथं एक सूचना. ही देवळं दुपारी बारानंतर संध्याकाळपर्यंत बंद असतात. तेव्हा हिंडायचं तर देवळं सकाळी, नाहीतर दिवेलागणीला.

दुपारी जेवायला जवळच 'मॅक्सवेल फूड सेंटर'. सिंगापुरात पूर्वी रस्तोरस्ती फेरीवाले अन्न विकत. सरकारनं त्यांना हटवलं नाही. छपराखाली आणलं, नळ दिला, मोरी दिली, परवाना दिला. तीच ही 'हॉकर सेंटरं'. २०२० मधे युनेस्कोनं या खाद्यपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. गर्दी अशी की बसायला जागा मिळेना. काही टेबलं रिकामी दिसली, पण प्रत्येकावर कागदी रुमालांचं एकेक पाकीट ठेवलेलं. थोरलीनं सांगितलं, पाकीट ठेवलं की जागा धरली. मग माणूस खुशाल रांगेत जातो, कुणी ते पाकीट हलवत नाही. धाकटा म्हणाला, "म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच!" अगदी तसंच. फरक एवढाच, की आपल्याकडं रुमालावरून भांडण होतं.

वासाची सवय नसेल तर अशा ठिकाणी शाकाहारी माणसाला जरा जड जातं. सासूबाईंनी नाकाला पदर लावला खरा, पण उठून गेल्या नाहीत. उसाचा रस, पपईची फोड आणि माझ्या डब्यातली दशमी यावर त्यांचं जेवण झालं. चिनी बौद्धांचं शाकाहारी अन्नही तिथं पुष्कळ ठिकाणी मिळतं, पण तयार वाढपात अंडं नाही ना, हे आधी विचारून घ्यावं. जेवण झाल्यावर आपलं ताट आपणच उचलून ठेवायचं. २०२१ पासून ते सक्तीचं आहे. आमच्या ह्यांनी ताट उचललेलं मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. सिंगापूर सरकारचे आभार!

एवढ्यात आभाळ भरून आलं आणि मुसळधार सुरू झाली. हे हिरमुसले, यादीतली आठ ठिकाणं अजून शिल्लक होती. पण या गावात पावसानं फारसं अडत नाही. जुन्या दुकानांच्या पुढं पाच फूट रुंदीची ओसरी असते आणि ती एका दुकानापासून दुसऱ्यापर्यंत चालू राहते. प्रत्येक घरानं रस्त्याच्या बाजूला अशी झाकलेली वाट ठेवावी, हा नियम रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेतला. दोनशे वर्षांनी त्या नियमाखालून आम्ही सासूबाईंना बहुतेक कोरड्याच नेलं.

मधे एका ओसरीत पाऊस ओसरण्याची वाट पाहत थांबलो, तेव्हा थोरलीनं आम्हाला लाल फडकीवाल्या बायकांची गोष्ट सांगितली. तिनं ती इथं येण्याआधी वाचली होती. दक्षिण चीनमधे सामसुई नावाचा भाग आहे. दुष्काळ, पूर आणि गरिबी यांना कंटाळून तिथल्या हजारो बायका १९२० ते १९४० च्या दरम्यान सिंगापूरला आल्या. १९३३ मधे इंग्रज सरकारनं चिनी पुरुषांच्या येण्यावर मर्यादा घातली, पण बायकांवर १९३८ पर्यंत नव्हती. त्यामुळं त्या काळात त्यांचा ओघ वाढला. आल्या आणि बांधकामावर लागल्या. डोक्याला लाल कापडाची चौकोनी घडी, अंगात गडद निळे किंवा काळे कपडे. माती खणायची, विटा वाहायच्या, कावडीनं ओझी न्यायची. एका खोलीत कितीतरी जणी राहत. पोटाला चिमटा घेऊन उरलेला पैसा घरी धाडत; लिहिता येत नसे, म्हणून रस्त्यावर बसणाऱ्या लेखनिकाकडून पत्र लिहवून घेत. कितीक जणी पुन्हा माघारी गेल्याच नाहीत, कितीक जणींनी लग्नही केलं नाही. आज या गावात त्यांच्या शिल्पाकृती आहेत, भिंतीवर त्यांची चित्रं आहेत.

सासूबाई गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि त्यांच्या आया?" या प्रश्नाचं उत्तर लेकीनं वाचलेल्या पुस्तकात नव्हतं.

पाऊस थांबल्यावर तेलोक आयर स्ट्रीटला आलो. तेलोक आयर म्हणजे पाण्याची खाडी. आज तिथं खाडी नाही. भोवती बँकांचे मनोरे. पण पूर्वी समुद्राचा काठ इथंच होता. भराव घालून तो लांब लोटला गेला. त्या जुन्या काठावर थियान हॉक केंग हे चिनी देऊळ आहे. नावाचा अर्थ स्वर्गीय सुखाचा महाल. फुकिएन प्रांतातून आलेल्या लोकांनी १८३९ ते १८४२ या काळात ते बांधलं. लाकडी बांधणीत खिळा वापरला नाही, सगळं सांध्यात सांधा बसवून. देवी आहे माझू, समुद्राची राखणदार. आख्यायिका अशी, की ती एका कोळ्याची अविवाहित लेक. वादळात सापडलेल्यांना ती वाचवी. लहान वयातच गेली आणि मग खलाशांची देवी झाली. चीनमधून महिनोन्महिन्यांचा प्रवास करून आलेली माणसं बोटीतून उतरली की पहिली इथं येत, सुखरूप पोचवल्याबद्दल हात जोडत, आणि मग कामाच्या शोधाला लागत. त्याच रस्त्यावर दक्षिण हिंदुस्थानातल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी बांधलेला नागोर दर्गाही आहे. सगळ्यांनीच पाण्यातून वर येताच आपापल्या देवाला गाठलेलं!

अंगणात उदबत्त्यांचा धूर होता. सासूबाई एका कडेला बसल्या आणि आपणहून बोलू लागल्या. त्या देवगडकडच्या. १९६६ साली सतराव्या वर्षी लग्न होऊन बोटीनं मुंबईला आल्या. त्या वेळी कोकणातून मुंबईला अशा बोटी चालत. होडीतून बोटीवर चढताना आईनं समुद्रात नारळ सोडला, तो लाटांवर किती वेळ दिसत होता, हे त्यांनी हातानं दाखवलं. "सगळे म्हणत होते, पोर कुठं बुडते का काय. मी काही एकटी नव्हते, नवरा होता बरोबर. पण त्याला तरी कुठं ओळखत होते मी?" आम्ही सगळे ऐकतच राहिलो. बत्तीस वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, ह्यांनीही नाही.

मग त्या उठल्या, कनवटीच्या बटव्यातून दोन डॉलरची नोट काढली आणि पेटीत टाकली. थोरली म्हणाली, "आजी, ही आपली देवी नाही." त्या म्हणाल्या, "समुद्र तर तोच आहे ना?" आणि मग माझूकडं बघून, मराठीतच, "ही आमची नात. लक्ष असू दे."

ह्यांनी खिशातली यादी काढली, पाहिली आणि घडी करून परत ठेवली. सासूबाईंना टॅक्सीनं खोलीवर नेऊन दोन तास आडवं केलं. घरचं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर दुपारची ही विश्रांती अजिबात टाळू नये. त्या हवेत घाम फार जातो. लिंबू-साखर-मिठाचं पाणी बाटलीत भरून ठेवावं. नळाचं पाणी तिथं सरळ पिता येतं, विकतच्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

संध्याकाळी सातला मरीना खाडीवर मर्लायन पाहिला : तोंड सिंहाचं, धड माशाचं, उंची ८.६ मीटर. सिंगापूर हे नाव मुळी आपल्या 'सिंहपुरा'वरूनच आलेलं. म्हणून सिंह, आणि कोळ्यांचं गाव म्हणून मासा. १९७२ साली बसवलेला हा पुतळा २००२ मधे आताच्या जागी हलवला. त्याच्या तोंडातून पाण्याची धार खाडीत पडत असते. गंमत अशी, की समोरचं पाणी खारं नाही! २००८ मधे खाडीच्या तोंडाशी बंधारा घालून त्यांनी तिचा गोड्या पाण्याचा तलाव केला. पलीकडं २०१० मधे उभे राहिलेले तीन मनोरे आणि त्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली नाव. दिवे लागले तसं सगळं पाण्यात उतरलं. धाकट्यानं चाळीस फोटो काढले. मी मात्र दुसरंच बघत होते. कठड्याशी एकेकट्या मुली बसल्या होत्या. कुणी कचेरीतून आलेली, कुणी डबा खात, कुणी फोनवर बोलत. रात्री दहाला परतताना गाडीतही तशाच. एक तर चक्क पेंगत होती, पर्स मांडीवर उघडी. मी ह्यांना कोपरानं खुणावलं. ते म्हणाले, "बघतोय मी केव्हाचा." म्हणजे तेही यादीबाहेरचं काही बघत होते तर!

तरी मी खोलीवर आल्यावर थोरलीच्या पाकिटात चिठ्ठी ठेवलीच : पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५, महाराष्ट्र मंडळाचा पत्ता, आणि आमचा नंबर, जो तिला पहिलीपासून पाठ आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. व्हिसा आधी काढावा लागतोच. शिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचा तक्ता संगणकावर किंवा फोनवर भरायचा असतो, आणि तो फुकट असतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. खायची तंबाखू आणि च्युइंगम सामानात अजिबात नको; गमवर तिथं १९९२ पासून बंदी आहे. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावीत. खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असते; रवा भाजून, त्याला फोडणी देऊन, गार झाल्यावर डब्यात भरून न्यावा. उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकलं की उपमा तयार. यादी बारा ठिकाणांची केली तरी हरकत नाही, पण पहिल्या दिवशी तीनच पाहावीत आणि त्यांतली एक मंडई असावी.

सोमवारी थोरली कामावर गेली आणि आम्ही साताऱ्याला परतलो. माझी काळजी संपली असं मी म्हणणार नाही. ती संपत नसते. पण आता तिला जागा आहे. काठीवर वाळणारे कपडे आहेत, टेक्काची भाजी आहे, धोबी घाटाचं स्टेशन आहे. पूर्वी मी नुसतं 'सिंगापूर' म्हटलं की डोळ्यांपुढं काहीच येत नसे. सासूबाईंनी घड्याळ अजून बदललेलं नाही, बदलायची गरजही नाही. पहाटे पाचाला आमच्या नळाला पाणी येतं, त्या हंडा लावतात आणि आतूनच मला सांगतात, "साडेसात झाले. उठली असेल बघ."